तालुका नसलेला नकाशा

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतात. याच जिल्ह्यातील ताम्हिणी घाटात वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर आणि कधी त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो, तर दौंडला पाचशेच्या आसपास पडला तरी साल बरे गेले असे लोक म्हणतात. घोड नदी शिरूर गावाला लागून पूर्वेकडे जाते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसच्या परिसरात भीमेला मिळते आणि भीमा पुढे दौंड शहराच्या कडेने उजनीच्या फुगवट्याकडे सरकते. नदीकाठी व कालव्यांखाली ऊस आणि त्याच्या पलीकडे खुरट्या गवताचे मुरमाड माळ, अशी या मुलखाची ठेवण असल्यामुळे उसात बिबट्या आणि माळावर लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, माळटिटवी, चंडोल व हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्ये असे परस्परांहून अगदी वेगळे प्राणिजीवन एकाच तालुक्यात, कधी तर एकाच गावाच्या शिवारात आढळते.

या प्राणिजीवनाच्या नोंदी आज कमी नाहीत. पक्षी पाहणारे आपल्या याद्या ईबर्डवर चढवतात, छायाचित्रे काढणारे ती आयनॅचरलिस्टवर टाकतात, वनखात्याकडे पंचनामे आणि नुकसानभरपाईची प्रकरणे साचतात, आणि गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांकडे लोकजैवविविधता नोंदवह्या असतात. परंतु नोंद साठवणे ही एक गोष्ट आणि साठवलेल्या नोंदींना प्रश्न विचारता येणे ही दुसरी. दौंड तालुक्यातील माळांवर हिवाळ्यात भोवत्ये पूर्वीइतके दिसतात का, हा प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर देणारे बटण यांपैकी कोणत्याही प्रणालीच्या पडद्यावर तयार नसते. तसे उत्तर हवे असेल तर अहवाल स्वतः बांधावा लागतो, म्हणजे कोणत्या नोंदी घ्यायच्या, कोणत्या गाळायच्या आणि उरलेल्यांची मांडणी कशी करायची याचे नियम आपणच लिहून यंत्राला द्यावे लागतात. या नियमांच्या संचाला संगणकाच्या व्यवहारात क्वेरी म्हणतात. ती एकदा लिहिली, तपासली आणि दुसऱ्याला चालवता येईल अशा रूपात त्याच्या हाती दिली, की एका माणसाची चौकशी अनेकांची होते. वन्यजीव-नोंदींच्या संगणकप्रणालींत या अंगाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि शिरूर-दौंडसारख्या मुलखाला त्याचीच गरज सर्वांत अधिक आहे.

ईबर्ड ही प्रणाली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये सुरू केली. भारतात तिच्याभोवतीचे काम बर्ड काउंट इंडिया हा संस्थांचा समूह पाहतो. तिचे मूळ एकक सुटा पक्षी नसून यादी आहे, आणि हीच तिची खरी ताकद होय. यादी भरणाऱ्याला स्थळ, तारीख, सुरुवातीची वेळ, किती मिनिटे पाहिले, किती अंतर चालले, सोबत किती जण होते हे सांगावे लागते, आणि शेवटी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: ओळखता आलेले सर्व पक्षी या यादीत नोंदवले आहेत काय? उत्तर होकारार्थी असेल तर ती पूर्ण यादी ठरते. पूर्ण यादीत जो पक्षी नाही तो त्या वेळी त्या माणसाला दिसला नाही असे धरता येते, म्हणजे अभावाचीही नोंद आपोआप होते. सुट्या नोंदींत ही सोय नसते. चिंकाऱ्याचे शंभर फोटो चिंकारा दिसल्याचे सांगतात. किती जण माळ तुडवून रिकाम्या हाताने परतले हे त्यांतून कळत नाही.

तयार अहवाल ईबर्ड बरेच देते. एखाद्या प्रदेशाचा स्तंभालेख मागितला की महिन्याचे चार भाग याप्रमाणे वर्षाचे अठ्ठेचाळीस रकाने पडद्यावर येतात आणि प्रत्येक प्रजातीसमोर जाड-बारीक पट्टी उमटते. पट्टीची जाडी म्हणजे त्या आठवड्याच्या पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत तो पक्षी आहे याचे प्रमाण. अडचण प्रदेश निवडताना सुरू होते. देश, राज्य आणि जिल्हा या तीन पायऱ्यांवर ही शिडी संपते. तालुका तिला ठाऊक नाही.

महाराष्ट्रात ज्याने सातबारा काढला आहे, दुष्काळाची आणेवारी वाचली आहे किंवा पीककर्जाचा अर्ज भरला आहे, त्याला हे चमत्कारिक वाटेल, कारण इथे कारभाराचा विचार तालुक्यापासूनच सुरू होतो. पण प्रश्न केवळ सवयीचा नाही. पुणे जिल्ह्याचा एकत्रित स्तंभालेख म्हणजे मुळशी-मावळच्या सदाहरित रानातील पक्षी, पाषाण तलावावरची बदके, सिंहगडाच्या पायथ्याचे पाहुणे, भिगवणच्या पाणवठ्यावरचे रोहित आणि पूर्वेकडच्या माळावरचे धाविक यांची एकत्र कालवलेली आकडेवारी. शिवाय पक्षी पाहणारे मुख्यतः पुणे शहरात राहतात, त्यामुळे रविवारी सकाळी जाऊन दुपारपर्यंत परतता येईल अशा जागांच्या याद्यांचा ढीग साचतो. उंडवडी-पाटसकडचा माळ त्या ढिगाखाली दबतो. जिल्ह्याच्या छेदाने भागल्यावर धाविक दुर्मिळ दिसतो, आणि वाचणाऱ्याला तो माळावर दुर्मिळ आहे की माळावर जाणारेच दुर्मिळ आहेत हे समजायला मार्ग राहत नाही.

जिल्ह्याची सीमा आणखी एका रीतीने आड येते. शिरूर गावासमोर घोडच्या पलीकडचा काठ अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात येतो. दौंडसमोर भीमेच्या पैलतीरावर श्रीगोंदा तालुका लागतो. पट्टकदंबांचा थवा रात्री वाळूवर बसतो आणि सकाळी पलीकडच्या हरभऱ्यात उतरतो, तेव्हा पाहणाऱ्याची खूण नदीच्या कोणत्या बाजूला पडली यावर तो पुण्याचा ठरतो किंवा नगरचा. मयूरेश्वर अभयारण्याचेही तसेच. १९९७ मध्ये घोषित झालेले हे जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे चिंकाऱ्यांचे अभयारण्य सुप्याजवळ, बारामती तालुक्यात आहे. पण पुण्याहून जाणारा माणूस चौफुल्यावरून वळून दौंडच्या माळांतूनच तिथे पोहोचतो, आणि चिंकाऱ्याला तर तालुक्याचा दगड दिसतही नाही. भिगवण इंदापुरात आहे, तरी लोकांच्या बोलण्यात ते दौंडला चिकटलेले असते. तेव्हा अहवाल बांधणाऱ्याचा पहिला निर्णय प्रदेशाचा असतो: कारभाराची सीमा घ्यायची, की माळाची, की नदीखोऱ्याची. तयार अहवाल हा निर्णय आधीच घेऊन बसलेला असतो आणि तो घेतल्याचे सांगतही नाही.

स्तंभालेखातच यातून एक पळवाट निघते. जिल्ह्याऐवजी हॉटस्पॉट, म्हणजे अनेकांनी वापरलेली सार्वजनिक निरीक्षणस्थळे, एकेक करून निवडता येतात आणि त्यांचा एकत्र आलेख काढता येतो. शिरूर-दौंडमधील तळी, धरणकाठ आणि माळ यांच्या खुणा हाताने वेचून हा अहवाल दहा मिनिटांत उभा राहतो. चिंचणी येथील घोड धरणाचा जलाशय, भीमाकाठ आणि माळावरचे ठरलेले ठिपके त्यात घेता येतात. परंतु वैयक्तिक खुणांवर भरलेल्या याद्या त्यात येत नाहीत, आणि माळावर चालणारा माणूस बहुधा हॉटस्पॉट शोधत बसत नाही, जिथे थांबला तिथेच खूण ठेवतो. म्हणून पाणवठ्यांसाठी ही वाट चालते, माळासाठी लंगडी पडते.

खरा मार्ग मूळ विदा उतरवून घेण्याचा. ईबर्डचा मूळ विदासंच नोंदणी करून, कशासाठी हवा आहे ते लिहून मागता येतो आणि त्यातून फक्त पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांचा तुकडाही घेता येतो. हाती येते ती टॅबने रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल असते, पण तिच्या ओळी इतक्या असतात की एक्सेल अनेकदा मान टाकते. ती चाळण्यासाठी कॉर्नेलच्याच प्रयोगशाळेने आर या सांख्यिकी भाषेत ऑक नावाचा आज्ञासंच तयार केला आहे. भोवत्यांच्या प्रश्नासाठी त्याच्या साहाय्याने अहवाल बांधायचा झाला तर प्रथम तालुक्यांच्या सीमांचा बहुकोन घेऊन त्याच्या आत पडणाऱ्या याद्या वेगळ्या कराव्या लागतात. मग अपूर्ण याद्या गाळाव्या लागतात. मग फार लांब अंतराच्या याद्या काढाव्या लागतात, कारण यवतपासून सुप्यापर्यंत मोटारीतून केलेल्या चाळीस किलोमीटरच्या यादीला नकाशावर एकच खूण असते आणि भोवत्या त्या वाटेवर नेमका कुठे दिसला ते ती खूण सांगू शकत नाही. साधारण पाच-दहा किलोमीटरची मर्यादा घालण्याची रीत त्यामुळेच पडली आहे.

यानंतरची पायरी नवख्याच्या हातून हमखास सुटते. पाच जण मिळून फिरायला गेले आणि एकाने भरलेली यादी उरलेल्या चौघांना वाटली, तर विदासंचात त्या एकाच फेरीच्या पाच प्रती येतात. प्रत्येकीचा क्रमांक वेगळा असतो. त्या एकाच फेरीच्या आहेत हे गटक्रमांकाच्या रकान्यावरूनच ओळखावे लागते. हे न पाहता मोजले, तर समजा चाळीस खऱ्या फेऱ्यांपैकी दहांत भोवत्या दिसला असेल आणि त्या दहांपैकी एक पाच जणांची असेल, तर आकडा चाळीसपैकी दहाऐवजी चव्वेचाळीसपैकी चौदा असा फुगतो, म्हणजे पंचवीस टक्क्यांचे बत्तीस होतात. सहली जसजशा मोठ्या होत गेल्या तसतसा हा फुगवटाही वाढत गेला असणार, आणि मग पक्षी वाढला असा निष्कर्ष निघेल, जेव्हा प्रत्यक्षात वाढलेले असतात ते मोटारीतले लोक. संख्येच्या रकान्यात काही ठिकाणी आकड्याऐवजी एक्स हे अक्षर असते. त्याचा अर्थ पक्षी होता पण मोजला नाही. बेरीज करणारा प्रोग्रॅम ते शून्य धरतो किंवा अडून बसतो. हे सर्व झाल्यावर ज्या पूर्ण याद्यांत भोवत्या नाही तिथे शून्य भरायचे आणि वर्षवार प्रमाण काढायचे. छेद सांगितल्याशिवाय अंशाला अर्थ नाही, हे शाळेतले गणित इथे पदोपदी उपयोगी पडते.

तालुक्याचा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवता येईल का, अशी शंका इथे येईल. २००१ मध्ये स्थापन झालेली आणि कोपनहेगनहून चालणारी जागतिक जैवविविधता माहिती सुविधा, म्हणजे जीबिफ, जगभरच्या नोंदी एकत्र करते. आयनॅचरलिस्टवरील पडताळलेल्या नोंदी तिथे जातात आणि ईबर्डच्याही जातात. तिच्या शोधपडद्यावर गॅडम नावाच्या प्रशासकीय सीमासंचानुसार स्थळ निवडता येते, आणि या संचात भारताचे तालुके आहेत. म्हणजे दौंड मागितले की दौंड मिळते. मात्र ईबर्डचा जो भाग तिथे पोहोचतो त्यात किती वेळ पाहिले, किती चालले, यादी पूर्ण होती की नाही, हे काहीच नसते. एका ठिकाणी छेद आहे पण तालुका नाही. दुसरीकडे तालुका आहे पण छेद नाही. दोन्ही हवे असणाऱ्याला बहुकोन घेऊन मूळ विदासंचाकडेच परतावे लागते. जीबिफची एक रीत मात्र अनुकरणीय आहे: तिथून उतरवलेल्या प्रत्येक संचाला कायमचा ओळखक्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकाचे पान उघडले की कोणत्या दिवशी, कोणत्या अटी घालून तो काढला होता हे कोणालाही वाचता येते. उत्तराबरोबर प्रश्नही जपून ठेवला जातो.

प्रश्न जपण्याची ही कल्पना ब्रिटनमधील नोंदकेंद्रांनी आधीच रुजवली होती. तिथे वनस्पतींचा नकाशासंग्रह १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा दहा किलोमीटरच्या चौकोनांतील ठिपके छिद्रपत्रांवरून यंत्राने उमटवले होते, आणि त्याच परंपरेतून १९६४ मध्ये मंक्स वुड येथे जैवनोंद केंद्र उभे राहिले. पुढे संयुक्त निसर्गसंवर्धन समितीने नोंदी ठेवण्यासाठी रेकॉर्डर ही प्रणाली करवून घेतली. तिच्या सहाव्या आवृत्तीत वापरणाऱ्याने स्वतःचे अहवाल बांधावेत अशी सोय आहे, आणि ती इतकी सरळ आहे की तिचे थोडे सविस्तर वर्णन करणे योग्य होईल.

रेकॉर्डरमधील असा अहवाल म्हणजे एक्सएमएल या लेखनपद्धतीतली एक छोटी फाइल असते. एक्सएमएलमध्ये मजकुराचा प्रत्येक तुकडा त्याचे नाव सांगणाऱ्या दोन खुणांच्या मध्ये ठेवतात. सुरुवातीच्या खुणेत अहवालाचे शीर्षक, तो मेनूत कुठे दिसावा ती वाट आणि त्याचे वर्णन असते. त्यानंतर एसक्यूएल या प्रश्नभाषेत लिहिलेली क्वेरी येते, आणि शेवटी कोणता रकाना किती रुंद, कोणत्या मथळ्याखाली, कितव्या जागी हे लिहिलेले असते. खुबी क्वेरीच्या मधोमध आहे. तिथे प्रजातीचे नाव किंवा स्थळाचा क्रमांक लिहून टाकण्याऐवजी अटीची एक कोरी जागा ठेवता येते, आणि ती प्रजातीची आहे, स्थळाची आहे की तारखेची, एवढेच सांगता येते. अहवाल चालवताच प्रणाली एक चौकट उघडून त्या जागा भरायला सांगते. लांडग्यासाठी लिहिलेला अहवाल मग खोकडासाठीही चालतो. वाटण्याची पद्धत त्याहून सोपी: फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवली की पुढच्या वेळी मेनूत तो अहवाल हजर असतो. क्वेरी लिहिणारा एखादाच असला तरी ती वापरणारे शंभर असू शकतात, आणि त्या शंभरांपैकी कोणालाही एसक्यूएल यावे लागत नाही.

वाटणीत जे बिघडते तेही याच फाइलमध्ये दिसते. लिहिणाऱ्याने घाईत आपल्या केंद्राच्या स्थळाचा क्रमांक क्वेरीत थेट घातला, तर दुसऱ्या केंद्रात तो अहवाल कुठलीही चूक न दाखवता कोरा कागद देतो. आणि कोरा कागद पाहणारा, आमच्याकडे ही प्रजाती नाही, असे समजतो. चुकीचा आकडा कधीतरी कोणाच्या तरी डोळ्यांत खुपतो, कोरा कागद खुपत नाही. म्हणून वर्णनाची ओळ भरणे, कोणत्या नोंदी मुद्दाम गाळल्या ते लिहिणे आणि स्थळ नेहमी विचारून घेणे ही या कारागिरीतली शिस्त समजली जाते. याच धर्तीवर पुढे इंडिशिया हा मुक्तस्रोत संच तयार झाला, ज्यावर ब्रिटनचे आयरेकॉर्ड हे संकेतस्थळ चालते. त्यातही अहवाल म्हणजे क्वेरी, चले आणि रकाने सांगणारी एक्सएमएल फाइलच, फक्त ती एकाच्या टेबलावर न राहता सर्व्हरवर राहते.

रेकॉर्डरने सोडवलेली आणखी एक अडचण दख्खनच्या माळाला विशेष लागू पडते, ती म्हणजे अंधूक तारीख. तिथे एका नोंदीची तारीख तीन रकान्यांत बसते: केव्हापासून, केव्हापर्यंत, आणि ती दिवसाची आहे, महिन्याची, वर्षाची, ऋतूची की शतकाची. माळावर मेंढ्या घेऊन फिरणारा धनगर लांडग्यांचे कळप कुठे असत ते सांगतो तेव्हा तो बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी किंवा धरणाचे पाणी यायच्या आधी अशा भाषेत बोलतो. उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, तेव्हा त्याच्या सांगण्याला सुरुवात नसली तरी शेवट आहे. दिवस-महिना-वर्ष असा एकच रकाना असलेल्या प्रणालीत हे ज्ञान एकतर बसत नाही किंवा कोणीतरी एक खोटी तारीख घालून बसवतो. छापील परंपराही याच जातीची आहे. मुंबई सरकारने १८२४ मध्ये सांख्यिकी अहवालकार म्हणून नेमलेले विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खन फिरून माणसे, पिके आणि किमती यांच्या बरोबरीने प्राण्यांचीही नोंद केली. भारतीय लांडग्याचे शास्त्रीय वर्णन त्यांनी १८३१ मध्ये दख्खनमधूनच केले आणि पुढच्या वर्षी त्यांची पक्ष्यांची सूची प्रसिद्ध झाली. स्थळ म्हणून तिथे दख्खन एवढेच मिळते. अशी नोंद तालुक्याच्या अहवालात घेता येत नाही, पण फेकूनही देता येत नाही. अहवालात तिच्यासाठी स्थळ व काळ अंधूक असलेल्या नोंदींचा वेगळा तक्ता काढणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

आपल्याकडे अहवाल वाटण्याची रूढ पद्धत मात्र उत्तर वाटण्याची आहे. एक्सेलचा तक्ता किंवा पीडीएफ व्हॉट्सॲपवरून फिरते, तिच्या नावात अंतिम, अंतिम-२ असे शब्द वाढत जातात, आणि आकडा कोणत्या नोंदींतून आला ते कोणालाच आठवत नाही. ईबर्डने २०२१ मध्ये आणलेला ट्रिप रिपोर्ट या दृष्टीने मध्येच उभा आहे. ठरावीक तारखांच्या आपल्या आणि सोबत्यांच्या याद्या एकत्र बांधून त्यांचा नकाशा, प्रजाती आणि छायाचित्रे असलेले एक पान त्यातून तयार होते आणि त्याचा दुवा कोणालाही पाठवता येतो. सहलीची आठवण म्हणून ते सुरेख असते. चौकशीचे साधन म्हणून तोकडे, कारण त्याला विचारता येणारा प्रश्न एकच, आम्ही काय काय पाहिले. याउलट २०२३ मध्ये आलेला स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स हा अहवाल सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा असून त्यात ९४२ प्रजातींचा आढावा आहे, आणि ज्या आज्ञावलीने तो काढला ती खुली ठेवली आहे. ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांपैकी साठ टक्के घटताना दिसतात, आणि उघड्या माळांवर राहणाऱ्यांची स्थिती त्यांत विशेष वाईट आहे. दौंडमधील एखाद्या महाविद्यालयाला हा देशव्यापी निष्कर्ष आपल्या माळावर पडताळायचा असेल, तर निदान पद्धत तरी शोधावी लागणार नाही. ज्या माळांना सरकारी नकाशे वर्षानुवर्षे पडीक या सदरात टाकत आले, त्यांच्यासाठी अशी पडताळणी ही चैन नव्हे.

अहवाल वाटताना काय झाकायचे, हा प्रश्न वन्यजीवांच्या बाबतीत टळत नाही. ईबर्ड संवेदनशील ठरवलेल्या प्रजातींचे नेमके स्थळ दाखवत नाही. आयनॅचरलिस्टवर संकटग्रस्त प्रजातींची खूण ०.२ अंशांच्या चौकटीत कुठेतरी यादृच्छिक ठेवली जाते, आणि या अक्षांशावर ती चौकट उत्तर-दक्षिण सुमारे बावीस किलोमीटर भरते. शिरूर व दौंड ही गावे एकमेकांपासून सरळ रेषेत पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहेत. तेव्हा मांडवगण फराट्याजवळच्या उसात टिपलेला बिबट्या पडद्यावर सहज दौंडच्या हद्दीत उमटू शकतो. अशी नोंद तालुक्याच्या मोजणीत घेणे म्हणजे नाणेफेकीवर मोजणी करणे. घुबडाचे घरटे किंवा लांडग्याची गुहा यांच्याबाबत तर झाकणेच श्रेयस्कर. मूळ विदा हाती असलेल्याने अहवाल वाटण्यापूर्वी स्थळांचा रकाना काढून चौकोनवार बेरीज ठेवावी, एवढी दक्षता पुरते.

बिबट्याची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण त्याच्या नोंदी हौशी प्रणालींत नसून वनखात्याच्या कागदांत आहेत. शिरूर तालुका जुन्नर, आंबेगाव आणि खेडबरोबर जुन्नर वनविभागात येतो, दौंड मात्र पुणे वनविभागात. शेजारच्या दोन तालुक्यांचे आकडे दोन कार्यालयांतून येतात. कुकडी प्रकल्प आणि घोड धरण यांच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात बिबट्या स्थिरावला, आणि २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरमधील पिंपरखेड परिसरात माणसांचे बळी गेले तेव्हा बिबटे किती आहेत, हा एकच प्रश्न सगळीकडून विचारला गेला. पंचनामे त्याचे उत्तर देत नाहीत. पंचनामा होतो तो शेळी गेली, मालकाने कळवले आणि वनरक्षक पोहोचला तरच; भरपाईची रक्कम वाढली किंवा अर्ज सोपा झाला की प्रकरणे वाढतात, बिबटे तेवढेच असले तरी. या कागदांना वेगळा प्रश्न विचारला तर काय निघते, हे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते. त्यांनी जुन्नर परिसरातील माणसांवरच्या हल्ल्यांच्या नोंदी आणि बिबटे पकडून दूर सोडण्याच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या. सोडण्याची मोहीम सुरू होण्यापूर्वी वर्षाला सरासरी चार हल्ले होत; २००१ नंतर ते सतरावर गेले. दोन्ही प्रकारचे कागद खात्याकडेच होते. एकातून हल्ले दिसत, दुसऱ्यातून कामगिरी. दोन्ही तारखेवर जोडल्याशिवाय त्यांतला संबंध कोणाला दिसणार नव्हता. स्वतः बांधलेल्या अहवालाचे महाराष्ट्रातील याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण, आणि त्यासाठी कोणतीही भारी संगणकप्रणाली लागली नव्हती, लागली ती दोन नोंदवह्या एकत्र उघडण्याची बुद्धी.

जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला आणि त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती व नोंदवही अपेक्षित आहे. अनेक ठिकाणी ती एकदा भरून कपाटात गेली, कारण तिच्यातून परत काही मागण्याची सोय कोणी केली नाही. मोराची चिंचोली येथील समितीला आपल्या मोरांविषयी, किंवा टाकळी हाजीच्या समितीला कुकडीच्या कुंडांवरील पाणपक्ष्यांविषयी दर वर्षी एक पान हवे असेल, तर त्या पानाची क्वेरी एकदा लिहून सीमेची जागा कोरी ठेवणे पुरेसे आहे. सीमा म्हणून गावाचे शिवार दिले की पान ग्रामपंचायतीचे होते, वनखात्याच्या बीटचा बहुकोन दिला की तेच वनरक्षकाच्या कामाचे होते. ईबर्डचा मूळ विदासंच दर महिन्याला नवा होतो. हिवाळी पाहुणे परतल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, ती फाइल पुन्हा चालवायची, वर उतरवल्याची तारीख आणि गाळलेल्या याद्यांची संख्या छापायची, आणि मागच्या वर्षीच्या पानाशेजारी लावायची.